चार हजार चौकटी

आमच्या घरीं माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्याच्या झांकणावरील चित्र केव्हांच पुसून गेलें आहे आणि एका बाजूस गंजानें भोंकहि पडलें आहे. गेल्या साठ वर्षांत घराची वाटणी झाली, वाड्याच्या जागीं इमारत उभी राहिली, पितळेचीं भांडीं मोडींत गेलीं. पण हा डबा टाकून द्यावा असें कोणाच्याहि तोंडून निघालें नाहीं. त्यांत तेवीस रिळें आहेत. आमचे थोरले काका, ज्यांना सारें घर तात्या म्हणे, त्यांनीं १९५६ पासून १९७२ पर्यंत घरच्या घरीं घेतलेलीं हलतीं चित्रें तीं हींच.

तात्या रेल्वेंत हिशेबनीस होते. विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनीं किल्लीचा कॅमेरा विकत घेतला, आणि घरांत रेडिओ येण्यापूर्वीं कॅमेरा आला म्हणून आमच्या आजीचें बोलणें जन्मभर ऐकून घेतलें. त्या कॅमेऱ्याची रीत आजच्या मुलांस सांगितली तर त्यांना ती थट्टा वाटते. ईस्टमन कोडॅक कंपनीनें १९३२ सालीं काढलेली ती युक्ति. सोळा मिलिमीटर रुंदीची पंचवीस फूट फीत कॅमेऱ्यांत घालावयाची. पहिल्या खेपेस तिच्या अर्ध्या रुंदीवरच चित्रें उठत. फीत संपली कीं सावलींत बसून रीळ उलटून घालावयाचें, म्हणजे उरलेली अर्धी रुंदी उपयोगांत येई. धुऊन झाल्यावर ती फीत मधोमध चिरून दोन्ही पट्ट्या एकापुढें एक जोडीत, आणि आठ मिलिमीटरची पन्नास फूट फीत हातीं येई. फुटास ऐंशीं चौकटी, म्हणजे एकूण चार हजार. सेकंदास सोळा या वेगानें त्या पडद्यावरून सरकल्या कीं चार मिनिटें दहा सेकंदांत खेळ खलास! एवढ्यासाठीं तात्या महिनेच्या महिने सुपारीसुद्धां मोजून खात.

या तेविसांतील तिसऱ्या रिळाची हकीकत निराळी आहे.

काकूंचा पहिला मुलगा आणि आम्ही एकाच वर्षाचे. १९६१ च्या संक्रांतीस वाड्याच्या चौकांत त्याचें बोरन्हाण झालें, तें तात्यांनीं या रिळाच्या पहिल्या अर्ध्यावर घेतलें. मार्चांत घटसर्पानें तो गेला. कॅमेरा अर्ध्या रिळासकट कपाटांत पडून राहिला. मे महिन्यांत आमच्या थोरल्या बंधूंची मुंज निघाली, तेव्हां आजोबांनीं सांगितलें म्हणून तात्यांनीं तोच कॅमेरा बाहेर काढला, रीळ उलटलें, आणि दुसऱ्या अर्ध्यावर मुंज घेतली. जूनअखेर तें रीळ धुण्यासाठीं परगांवीं गेलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्या दिवशीं नदीकांठच्या पेठांनीं काय पाहिलें तें पुण्याच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. आमच्या खालच्या मजल्यावरील कपाटें पाण्यांत गेलीं, फोटोंच्या आल्बमांचा लगदा झाला, आणि तोंवरच्या रिळांपैकीं आत्यांकडे नागपुरास गेलेलीं दोन तेवढीं वांचलीं. त्या दोहोंतहि तो नव्हता. पूर ओसरल्यावर महिन्याभरानें टपालानें एक लहानसें पुडकें आलें. काकूंच्या मुलाचें या जगांत तेवढें एकच चित्र उरलें होतें, आणि तें गांवांत नव्हतें म्हणूनच उरलें होतें.

त्या दिवाळींत तात्यांनीं तें एकदां पडद्यावर दाखविलें. काकू उठून स्वयंपाकघरांत गेल्या, आणि पडद्यावर मुंजीची पंगत बसली तेव्हां परत आल्या. पुढें त्यांना दोन मुली झाल्या, संसार झाला. १९७४ सालीं प्रोजेक्टरचा दिवा गेला, तसला दुसरा मिळाला नाहीं, आणि मिळावा म्हणून कोणी फारशी खटपटहि केली नाहीं.

२०२३ सालीं काकूंना सत्त्याऐंशींवें वर्ष लागलें होतें. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें. हा दुखण्याचा प्रकार मोठा क्रूर आहे. कडेचें सारें दिसतें, पण जेथें नजर रोखावी तेथेंच काळा डाग. ताटांतील कोशिंबीर दिसे, पण वाढणारीचें तोंड दिसत नसे. एके दिवशीं मटार सोलतां सोलतां त्या सहज म्हणाल्या, "ह्यांच्या डब्यांत तो आहे ना रे अजून? एकदां पाहीन म्हणतें."

बासष्ट वर्षांत त्यांनीं हें प्रथमच विचारलें.

वाचक म्हणतील, गांवांत हीं कामें करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे कां दिलें नाहीं? त्याचें कारण असें, कीं १९९८ सालीं आत्यांच्या लग्नाचें रीळ आम्हीं एका दुकानीं दिलें होतें. त्या गृहस्थानें तें भिंतीवर पाडून समोरून व्हिडिओ कॅमेऱ्यानें टिपलें. कॅसेट मिळाली, रीळ मात्र शेवटचे दहा फूट कमी होऊन परत आलें, आणि त्या दहा फुटांत गृहप्रवेश होता. तेव्हांपासून हा डबा उंबरठ्याबाहेर जावयाचा नाहीं असा आमचा हट्ट. तो शहाणपणाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं, पण होता.

आमचा पुतण्या यंत्रविद्येचा पदवीधर. त्यानें घरगुती फिती उतरवून घेण्याचें एक लहानसें तयार यंत्र मागविलें. (किंमत येथें छापून घरची शांतता भंग करण्याची आमची इच्छा नाहीं.) यंत्राची रचना समजण्यास सोपी आहे. फितीच्या कडेस भोंकें असतात. एक लहानसा आंकडा त्या भोंकांत शिरून फीत बरोबर एक चौकट पुढें ओढतो व मागें होतो. फीत क्षणभर स्थिर राहते; खालून एल. ई. डी. चा पांढरा दिवा, वरून वाटाण्याएवढें भिंग. सेकंदास सुमारें दोन चौकटी या गतीनें यंत्र चित्रें टिपतें आणि त्यांची फिल्म जुळवून मेमरी कार्डावर ठेवतें. चार हजार चौकटींस तेहतीस मिनिटें लागतात. येथें दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनीं १९१२ सालीं अशीच एकेक चौकट करून टिपली होती. त्यांच्याजवळ यंत्र कमी होतें आणि धीर जास्त होता.

परीक्षेसाठीं आम्हीं १९६८ सालचें तात्यांच्या कचेरीच्या सहलीचें रीळ निवडलें, कारण त्यांतील कोणाचेंहि तोंड स्पष्ट दिसावें अशी घरांत कोणाची इच्छा नव्हती. तें योग्यच झालें. यंत्र चित्र सेकंदास वीस चौकटींच्या वेगानें दाखवी, म्हणून सहलीचे हिशेबनीस मुंग्यांसारखे धांवूं लागले. चित्र दर चौकटीस किंचित् डावीउजवीकडे डुले. जेथें सावली अधिक तेथें यंत्र आपण होऊन उजेड वाढवी, त्यामुळें उन्हांत उभ्या असलेल्या माणसांचीं तोंडें पांढऱ्या थाळ्या झालीं. शिवाय जागा वांचविण्यासाठीं यंत्र चित्रास इतकें दाबून ठेवी कीं, जरा मोठें करून पाहिलें तर गालाच्या जागीं चौकोनी ठिगळें दिसत. आणि शेवटीं, एका जुन्या जोडापाशीं फीत अडली, आंकडा तसाच चालत राहिला, आणि आठ-दहा भोंकें फाटलीं.

पुतण्या म्हणाला, "काका, हें यंत्र वाईट नाहीं. यांतील चालणारा भाग ठेवूं आणि पाहणारा भाग काढून टाकूं."

यावरून घरांत मोठा वाद झाला. आमचे धाकटे बंधु बँकेंत आयुष्य घालविलेले, रोखठोक बोलणारे. त्यांचें म्हणणें असें, कीं फाटण्याची भीति असेल तर रीळ हातानें सरकवा, पण आहे तसें चित्र आज काकूंना दाखवा. त्यांची नजर दिवसेंदिवस जाते आहे. सहा महिन्यांनीं स्वच्छ चित्र तयार होईल आणि पाहणारे डोळे नसतील, तर त्या यंत्राची काय पूजा करावयाची आहे? बोलणें अगदीं रास्त होतें, आणि त्यास उत्तर देतांना आम्हांस राग आला तो त्यामुळेंच. आमचें उत्तर एवढेंच कीं, काकूंना आपण पाहतों तेवढें चित्र दिसणारच नाहीं. त्यांना तें तोंड परातीएवढें करून दाखवावें लागेल, आणि परातीएवढें केलें कीं या यंत्राचें चित्र म्हणजे नुसते चौकोन. बंधु गप्प झाले, पण पटलें म्हणून नव्हे. पुढचे पांच महिने ते रोज रात्रीं जेवतांना एकच प्रश्न विचारीत, "कुठवर आलें?" या प्रश्नाइतकी तिखट चटणी आमच्या पानांत त्या काळांत दुसरी नव्हती.

आतां काय काय केलें तें थोडक्यांत सांगतों. ज्यांच्या माळ्यावर असे डबे असतील त्यांस उपयोग होईल.

प्रथम आंकडा. त्याच्या धातूस धारदार कड होती. ती दोन हजार नंबरच्या पॉलिश कागदानें घासून भिंगाखालीं गुळगुळीत दिसेपर्यंत गोल केली. जुनी फीत वाळून किंचित् आक्रसलेली असते, भोंकांतील अंतर कमी झालेलें असतें, म्हणून तीक्ष्ण आंकडा तिला कुरतडतो. नंतर वाट. फीत ज्या खांचेंतून जाते ती फितीपेक्षां थोडी रुंद होती. डुलण्याचें मूळ तेथें. घड्याळाच्या जुन्या कमानीचा नखाएवढा तुकडा वांकवून एका बाजूस असा बसविला कीं त्यानें फितीची कड हलकेच पलीकडच्या भिंतीस टेकवून धरावी. फीत गुंडाळणारें चाक फार जोरानें ओढी, त्यामुळें चित्र टिपण्याच्या क्षणींहि ती ताणली जाई. तेथें सैल रबरी पट्टा घातला, म्हणजे चाक जरूरीपुरतें फिरे आणि एरवीं घसरे. जोड अडूं नयेत म्हणून वाटेंतील दोन खुंट्या काढून टाकल्या. खांचेचा आंतला चकचकीत भाग चमक मारी; त्यास काळा निस्तेज रंग दिला.

मग दिवा. यंत्राचा दिवा निळसर, आणि त्याचा उजेड एका दिशेनें सरळ येणारा. सरळ उजेडांत फितीवरील प्रत्येक ओरखडा काळ्या रेघेसारखा उठून दिसतो, कारण ओरखड्यावर आपटलेला किरण वांकडा जातो व भिंगापर्यंत पोंचत नाहीं. तोच उजेड सर्व बाजूंनीं पसरून आला, तर एक किरण गेला तरी दुसरा त्याची जागा घेतो आणि ओरखडा पुष्कळसा लपतो. आम्हीं प्रथम दिव्यावर बटरपेपर लावून पाहिला. चित्रापेक्षां कागदाचेच रेषे छान दिसले. शेवटीं दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणला आणि तो फितीपासून जरा दूर बसविला. काम झालें.

खरी अडचण डोळ्याची. मूळचें भिंग व संवेदक काढून त्या जागीं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकास जोडावयाचा कॅमेरा बसविला. २०२० सालीं निघालेल्या या कॅमेऱ्यांत एका चित्रास एक कोटि तेवीस लक्ष बिंदु असतात, आणि ते न दाबतां जसेच्या तसे ठेवतां येतात. फितीवरची चौकट अवघी साडेचार-पावणेपांच मिलिमीटर रुंद, आणि संवेदक सव्वासहा. म्हणजे वस्तूपेक्षां चित्र मोठें हवें. त्यासाठीं फोटो मोठे करण्याच्या जुन्या यंत्राचें पन्नास मिलिमीटरचें भिंग उलटें करून लावलें. हिशेब केला तों फीत आणि संवेदक यांमध्यें वीतभर अंतर निघालें! तें डबींत कसें मावावें? अर्थात् झांकणास करवतीनें भोंक पाडलें, आणि आमचें देखणें यंत्र स्वयंपाकघरांतील धुराड्यासारखें दिसूं लागलें. सूनबाईंनीं त्याला हळदकुंकू वाहण्याची तयारी दर्शविली.

मोटारीची गति कमी केली, आणि आंकडा ज्या चाकावर चालतो त्यास एक बारीक बटण लावलें. आंकडा भोंकांतून सुटून मागें फिरला, म्हणजे फीत निश्चल आहे, कीं बटण दाबलें जाई व कॅमेऱ्यास इशारा मिळे. प्रत्येक चौकटीचीं तीन चित्रें घ्यावयाचीं: एक अल्पकाळाचें, एक मध्यम, एक दीर्घ. यांत सारें मर्म होतें, कारण बोरन्हाणाचा पोषाख वाचकांस ठाऊकच आहे. काळें झबलें, त्यावर पांढऱ्या शुभ्र हलव्याचे दागिने, आणि डोक्यावर जानेवारीचें ऊन. एकाच उजेडांत हीं तिन्ही पकडूं म्हटलें तर हलवा जळतो नाहीं तर झबलें बुडतें, आणि तोंड दोहोंच्या मध्यें हरवतें. तीन चित्रांतून प्रत्येकाचा चांगला भाग घेऊन संगणक एक चित्र करतो. चौकटीस चार सेकंद धरले तर एका रिळास साडेचार तासांजवळ जातात.

सहलीचें रीळ सात वेळां घातलें. त्या कचेरींतील मंडळींना आतां आम्ही आमच्या नातेवाइकांपेक्षां अधिक ओळखतों. सातव्या वेळीं एकहि भोंक फाटलें नाहीं, आणि डुलणें थांबलें. त्यानंतरहि आम्हीं पंधरा दिवस काढले. कारणें पुष्कळ सांगितलीं: हवा दमट आहे, वीज जाते आहे. खरें कारण असें कीं तिसरें रीळ हातांत घेतलें कीं आमच्या बोटांना घाम फुटे. त्याच पंधरवड्यांत काकू न्हाणीघरांत घसरल्या. हाड मोडलें नाहीं, पण बंधूंनीं त्या रात्रीं प्रश्न विचारला नाहीं. नुसतें आमच्याकडे पाहिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आंघोळ करून आम्हीं रीळ काढलें.

नाकाजवळ धरून पाहिलें. आंबूस वास नव्हता. (असीटेटची फीत सडूं लागली कीं तिला शिरक्याचा वास येतो. आमच्या तेविसांतील एकास येत होता. तें वेगळें ठेवलें आहे.) मऊ फडक्यानें हलकेच पुसून फीत ओंवली. पुतण्या पडद्याकडे पाहात होता आणि आम्ही आंकड्याकडे. साडेचार तास आम्ही उठलों नाहीं. आंकडा येई, ओढी, जाई. चुकला नाहीं.

चित्र सेकंदास सोळा चौकटींवर जुळविलें, म्हणजे माणसें माणसांसारखीं चालूं लागलीं. रविवारीं दुपारीं काकूंना मोठ्या टी. व्ही. समोर अगदीं जवळ, बाजूस तोंड करून बसविलें. त्यांना कडेनें दिसतें, म्हणून समोरचें पाहावयाचें तर मान वळवावी लागते. परक्यास वाटावें कीं त्या भिंतीकडे पाहताहेत.

चौक दिसला. तुळशीवृंदावन, पाट, त्यावर तो. डोईवर हलव्याचा मुकुट, गालावर तीट. आम्ही पाठमोरे, बोरें वेंचण्यांत दंग; आमच्या हावरेपणाचा पुरावा साठ वर्षांनीं इतका स्पष्ट मिळेल असें वाटलें नव्हतें. पुतण्यानें त्याचें तोंड पडदाभर मोठें केलें. चौकोन आले नाहींत. काकूंनीं मान आणखी थोडी वळविली. "तीट डाव्या गालावर," त्या म्हणाल्या. "मींच लावली." बस, एवढेंच.

पुढें तो पाटावरून उठतो, उजवीकडे पाहून हंसतो, आणि तिकडे चालत जाऊन चित्राबाहेर पडतो. हें सारें आम्हीं १९६१ च्या दिवाळींत पाहिलें होतें, आणि तो कोणाकडे गेला हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नव्हतें. पण प्रोजेक्टरची खिडकी फितीवरील चित्रापेक्षां थोडी लहान असते. कडेचा भाग ती झांकून टाकते. आमच्या धुराड्यास तशी खिडकी नव्हती. त्यानें कडेपर्यंतची सारी चौकट टिपली होती. तो उजव्या कडेस पोंचतो त्या वेळीं तेथें, आजवर कोणासच न दिसलेल्या त्या बारीकशा पट्टींत, चार बोटें आणि दोन बांगड्या येतात. चिमटींत कांहीं तरी पांढरें धरलेलें आहे.

आम्ही कांहीं बोललों नाहीं. काकूंना तें दिसलें असेल कीं नाहीं याची आम्हांस शंका होती. बंधूंनीं मात्र न राहवून म्हटलें, "काकू, इथें कडेला कोणाचा तरी हात आहे."

"हलव्याचा दाणा आहे तो," काकू म्हणाल्या. "हे मला म्हणाले, तूं बाजूला हो, चित्रांत येऊं नकोस. म्हणून मी खांबाआड उभी राहिलें."

थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "पुन्हा लावतां येतें का रे?"

पुतण्यानें पुन्हा लावलें. तिसऱ्या वेळीं मुंजीची पंगत आली, तेव्हां त्या उठल्या नाहींत. पंगतींत कोण कोण बसलें आहे तें बंधु त्यांना एकेक नांव घेऊन सांगत होते.